तेल आणि खडू



दरवर्षी या पानावर आम्ही निकाल, नव्या खोल्या आणि स्नेहसंमेलन यांविषयी लिहितो. या वेळी अंकाचे काम पाहणाऱ्या बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही चित्रं काढता, त्याविषयी लिहा ना." आम्ही हो म्हटले. लिहायला बसल्यावर मात्र लक्षात आले की चित्रांविषयी खरे लिहायचे तर एका चुकीविषयीही लिहावे लागेल, आणि ती चूक आमच्या हातून याच शाळेत घडली आहे. तेव्हा दोन्ही लिहितो.

आम्ही तैलरंग शिकलो ते १९८९ साली. दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी इंदूरमधल्याच एका चित्रकार सरांकडे शिकवणी, असा क्रम होता. त्यांच्या खोलीच्या जिन्यातच अळशीच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास यायचा. इंदूरला चित्रकलेची परंपरा मोठी. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली इथे कलाशाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचेच, १९१० सालचा त्यांचा जन्म, तेही देवळालीकरांचे विद्यार्थी. पुढे ते वडोदऱ्याच्या विद्यापीठात चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. आमचे सर या लोकांची नावे अशा आदराने घेत की आम्हांला वाटे, आपणही त्याच रांगेत, अगदी शेवटी का होईना, उभे आहोत.

सरांनी पहिल्याच आठवड्यात तैलरंगाचा स्वभाव समजावून सांगितला. रंगाची पूड अळशीच्या तेलात घोटली की तैलरंग होतो. तो पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेते आणि हळूहळू घट्ट होत जाते. वरून हात लावण्याजोगा व्हायला काही दिवस लागतात, आतून पुरता वाळायला कित्येक महिने. म्हणून खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे असावे लागतात. उलटे केले तर वरचा थर आधी आवळतो, खालचा मागून हलतो आणि चित्राला तडे जातात. मातकट अंबर लवकर वाळतो, काही काळे आणि पिवळे रंग फार वेळ घेतात. पावसाळ्यात तर कॅनव्हास पंधरा-पंधरा दिवस ओलाच.

पण तैलरंगाचा सर्वांत मोठा गुण आम्हांला भावला तो हा की त्यात चूक सुधारता येते. नाक वाकडे झाले? चाकूने खरवडा, पुन्हा काढा. उद्या काढा, पुढच्या महिन्यात काढा. रंग तुमची वाट पाहतो. हा गुण आमच्या बाबतीत दोष कसा ठरला, ते पुढे सांगतो.

एकदा वडोदऱ्याला लक्ष्मीविलास राजवाड्यात राजा रवि वर्मा यांची तैलचित्रे पाहिली. सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून पौराणिक प्रसंगांची चौदा चित्रे करून घेतली होती. जरीचा काठ, मोत्यांची चमक, गालावरचा प्रकाश हे सारे पाहून आमच्या मनात पक्के बसले की चित्र म्हणजे तैलचित्र. बाकी सगळे म्हणजे तयारी. पेन्सिल, खडू, कोळसा या गोष्टी चित्र सुरू होण्यापूर्वीच्या. खडूने तर लहान मुले खेळतात.

२००४ साली आम्ही बाबांचे व्यक्तिचित्र करायला घेतले. बाबा कापड गिरणीतून निवृत्त झालेले. बोलणे कमी, बसणे सरळ. दर रविवारी सकाळी चहा झाला की ते स्वतःहून खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसत. "किती वेळ?" एवढेच विचारत. पहिल्या चार रविवारी चेहरा छान उतरला होता. आई म्हणाली, "हेच आहेत ते." आम्हांला मात्र कपाळावरची सावली पटेना. खरवडली. मग डोळे बदलले. मग मागची भिंत. दोन वर्षांत तो चेहरा आम्ही निदान सात वेळा खरवडून पुन्हा रंगवला. प्रत्येक वेळी आम्ही म्हणायचो, "बाबा, पुढच्या रविवारी नक्की पुरं होईल." २००६ च्या श्रावणात बाबा गेले. कॅनव्हासवर उरला तो थरांवर थर चढून जाड झालेला एक अनोळखी चेहरा. बाबांसारखा तो चौथ्या रविवारी होता. आता तो त्या थरांच्या खाली कुठेतरी आहे, पण तिथवर चाकू पोचत नाही.

तो कॅनव्हास आम्ही कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवला. चित्रे काढणे सुरू राहिले, पण माणसांची नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, खान नदीचा काठ, लालबागेतली झाडे. सगळी तैलरंगात.

आता शाळेतली गोष्ट. डिसेंबर २०२२ च्या स्नेहसंमेलनात चित्रप्रदर्शन ठेवायचे होते. निवड आमच्याकडे होती. नववीतली एक मुलगी एक चित्र घेऊन आली. वह्यांना कव्हर घालतो त्या खाकी कागदावर तिने सुक्या खडूंनी आजी काढली होती. आजी ताटात तांदूळ निवडते आहे, खिडकीतून सकाळचे ऊन ताटावर पडले आहे. कागदाचा खाकी रंग तिने तसाच सोडला होता आणि तोच आजीच्या हातांचा रंग झाला होता. वर थोडा पांढरा, थोडा निळा, कडेला गेरू. बस्स.

चित्र चांगले आहे हे आम्हांला दिसत होते. तरीही आम्ही म्हणालो, "अगं, हे स्केच छान आहे. आता याचं पेंटिंग कर, म्हणजे लावू." ती म्हणाली, "सर, हे झालेलं आहे." आम्ही हसलो आणि म्हणालो, "खडूचं काम टिकत नाही. शिवाय काच लागते." ती पुढे काही बोलली नाही. कागद गुंडाळून घेऊन गेली. प्रदर्शनात कॅनव्हासवरची चित्रे लागली. पाहुण्यांनी कौतुक केले, त्याची बातमीही या पत्रिकेत आली. ती मुलगी दहावीत गेली, पण चित्रकलेच्या तासाला ती नुसती बसून असते, असे कला शिक्षिकेने आम्हांला एकदा सांगितले. दहावीचे वर्ष आहे, असेल अभ्यासाचा ताण, असे म्हणून आम्ही तो विषय सोडला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्हांला खोकल्याने धरले. बंद बाल्कनीत चित्रे काढायची सवय, खिडकी लावलेली, टर्पेंटाइनची वाटी उघडी. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारले, "घरात कसला वास घेता?" आम्ही सांगितले. ते म्हणाले, "सहा महिने ते बंद." चौतीस वर्षांची सवय एका वाक्यात बंद झाली. बिनवासाचे काय, म्हणून आम्ही नाइलाजाने सुक्या खडूंची पेटी आणली.

मुलांनो, इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमच्या दप्तरात असतात ते बहुधा ऑइल पेस्टल, म्हणजे मेण आणि तेल असलेले खडू. ते चिकट असतात आणि पुरते कधीच वाळत नाहीत, म्हणून त्यांवर तैलरंग चढवू नये. आम्ही सांगतो आहोत ते सुके, भुसभुशीत पेस्टल. रंगाची पूड, थोडी पांढरी माती आणि अगदी कमी डिंक यांची कणीक मळून, कांडी वळून, सुकवून ते करतात. पेस्टल हा शब्दच मुळी अशा मळलेल्या गोळ्यावरून आला आहे. डिंक कमी, म्हणून कागदावर जवळजवळ निव्वळ रंगच उतरतो. तेल नाही, म्हणून पिवळे पडणे नाही आणि तडेही नाहीत.

पहिले दोन महिने आमच्या हातून एकही धड चित्र झाले नाही. तैलरंगात आम्ही आधी पॅलेटवर रंग मिसळतो, मग लावतो. खडूत मिसळायला जागाच नाही. जो रंग हवा ती कांडी हवी, नाहीतर एका रंगाच्या रेघांवर दुसऱ्याच्या रेघा ओढून डोळ्यालाच मिसळायला सांगायचे. आम्ही सवयीने बोटाने घासत गेलो आणि सगळ्याचा राखाडी चिखल झाला. शिवाय कागदाला दात असतात, म्हणजे खरबरीतपणा. ते भरले की खडू पकडत नाही, नुसता घसरतो. तैलरंगासारखे दहा थर इथे चालत नाहीत. तीन-चार थरांत सांगायचे ते सांगून मोकळे व्हावे लागते.

एके दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी व्हरांड्यात दिसली. मुख्याध्यापकाने दहावीतल्या मुलीला चित्राचे विचारावे, यात आम्हांला संकोच वाटला, हे कबूल करतो. तरी विचारले, "तू त्या खाकी कागदावर खडू कसा बसवलास? आमचा तर घसरतो." ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, त्याची एक बाजू गुळगुळीत असते. दुसरी खरबरीत असते, ती घ्या. आणि बोटाने घासू नका. ठेवा आणि सोडून द्या."

ठेवा आणि सोडून द्या. आमच्या सरांनी तीन वर्षांत जे शिकवले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगितले. तिच्या जागी जाऊन सांगायचे तर तिने आमच्याशी बोलायचेही कारण नव्हते.

त्या थंडीत आम्ही आईचे चित्र काढले. आई ऐंशी पार केलेली. गच्चीवर उन्हात बसून मटार सोलत होती. आम्ही समोर बसलो, खाकी कागदाची खरबरीत बाजू घेतली. आधी गडद रंग, पदराची सावली, केसांमागचा अंधार. मग मधले रंग. शेवटी ऊन, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि बोटांवर. मटार सोलून संपले तेव्हा चित्रही झाले होते. अर्धा तास झाला असेल. आईने पाहिले आणि म्हणाली, "झालं? इतक्यात? त्यांना तर तू दोन वर्षं बसवलं होतंस रे."

ती तक्रार नव्हती. तिने फक्त हिशेब सांगितला. पण त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. बाबांचे चित्र आम्ही चांगले व्हावे म्हणून लांबवले की आम्हांला ते संपवण्याचे धैर्य नव्हते म्हणून, हा प्रश्न आम्ही सतरा वर्षे टाळला होता. तैलरंगाने आम्हांला पुन्हापुन्हा सुधारण्याची मुभा दिली आणि आम्ही त्या मुभेच्या आड लपलो. दोष रंगाचा नव्हे. तोच रंग रवि वर्म्यांच्या हातात होता.

मग आम्ही थोडे वाचन केले. फ्रान्समधला शार्दँ नावाचा मोठा चित्रकार, जन्म १६९९ चा. आयुष्यभर त्याने तैलरंगात स्वयंपाकघरे, तांब्याची भांडी, फळे आणि घरातली माणसे रंगवली. सत्तरीच्या सुमारास त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. तैलरंग सोसवेनात, तेव्हा तो खडूंकडे वळला. १७७१ साली त्याने चष्मा घातलेले स्वतःचे चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले. १७७५ मध्ये डोळ्यांवर सावलीची झडप लावलेले दुसरे काढले, आणि त्याच वर्षी पत्नीचेही. १७७९ साली तो गेला. खडूंतली ही चित्रे आज लूव्र संग्रहालयात आहेत. अडीचशे वर्षे झाली. 'खडूचं काम टिकत नाही' असे आम्ही त्या मुलीला सांगितले होते.

दुसरा देगा, १८३४ ते १९१७. त्याचीही दृष्टी अधू होत गेली आणि उतारवयात त्याने खडूंत पुष्कळ काम केले. पण तो दोन्ही घरी राहिला. तैलरंग टिपकागदावर ठेवून त्यातले तेल काढून टाकायचा आणि उरलेला कोरडा रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून वापरायचा, म्हणजे तैलरंगाला खडूसारखे करायचा. एक माध्यम मोठे आणि दुसरे धाकटे, असे त्याच्या कामाकडे पाहून कोणी म्हणणार नाही.

हे लिहिताना एक जुनी गोष्ट आठवली. आमचे कॉलेजचे सारे शिक्षण हिंदीतून झाले. त्या काळी आम्हांला वाटे, लिहायची ती हिंदी, मराठी आपली घरात बोलण्यापुरती. मराठी शाळेत नोकरीला लागलो तेव्हा पहिली सूचना मराठीत लिहायला आम्हांला तासभर लागला होता. एक भाषा पक्की आणि दुसरी कच्ची, हा समज आमचा होता, भाषांचा नव्हता. तेल आणि खडू यांच्या बाबतीतही आम्ही हेच केले. आपल्याला जे येत नाही ते हलके आहे असे मानणे फार सोपे असते.

सहा महिन्यांनंतर डॉक्टरांनी तैलरंगाला परवानगी दिली, पण अटीवर. आता आम्ही उघड्या गच्चीवर रंगवतो. कुंचले आधी साध्या तेलाने पुसतो आणि मग साबणाने धुतो. टर्पेंटाइन जवळजवळ सुटलेच आहे. परत आल्यावर हात बदलल्याचे जाणवले. रंग आता पॅलेटवर घोटत बसत नाही. दोन रंग शेजारी शेजारी ठेवतो आणि सोडून देतो. उलट खडू हातात घेतला की तैलरंगाची शिकवण उपयोगी पडते. घाईने पांढरा लावायचा नाही, आधी अंधार नीट बांधायचा. बाबांचा जुना कॅनव्हास मात्र आम्ही पुन्हा रंगवला नाही. तो जसा आहे तसा बाहेर काढून भिंतीला लावला आहे. आई म्हणते, "असू दे. त्यांच्या रविवारचं आहे ते."

राहिली ती मुलगी. ती आता अकरावीत आहे. गेल्या महिन्यात तिला बोलावून आम्ही म्हणालो, "तुझं ते आजीचं चित्र आण. या वर्षी पहिल्या भिंतीवर लावू. तेव्हा आमचं चुकलं." दुसऱ्या दिवशी तिने गुंडाळी आणली आणि टेबलावर उलगडली. दोन वर्षे कपाटावर तसेच पडून राहिलेले चित्र. खडू पाठीमागच्या कागदाला लागून निघून आला होता. ताट आणि ऊन बरेच शिल्लक होते. आजीचा चेहरा जवळजवळ पुसला होता.

तेव्हाच माउंट करून काच लावली असती तर ते चित्र आज असते. काच लागते हे आम्हांलाच ठाऊक होते, कारण तेच कारण आम्ही तिला दिले होते.

आम्हांला काय बोलावे सुचेना. तीच म्हणाली, "आजी आता देवासला काकांकडे असते, सर. दिवाळीत जाईन तेव्हा परत काढीन." काढेल की नाही, हे तिचे ती ठरवील. आम्ही विचारणार नाही.

म्हणून विश्वस्त मंडळींना या पानावरून विनंती. यंदा कलेच्या खोलीसाठी कॅनव्हासबरोबर काच लावलेल्या बारा चौकटीही मंजूर कराव्यात. प्रत्येक चौकटीत जाड पुठ्ठ्याचा माउंट हवा, म्हणजे काच चित्राला चिकटणार नाही. रंग पक्का करणारा फवारा मिळतो, पण त्याने उजळ रंग काळवंडतात, म्हणून काच हाच खरा उपाय. पावसाळ्यात कागदाला बुरशी येते, तेव्हा चौकटी ओलीच्या भिंतीवर नकोत. पालकांना विनंती अशी की मुलांनी खडूने काढलेले चित्र गुंडाळू नका, वर पातळ कागद ठेवून सपाट ठेवा. आणि मुलांनो, खडूची धूळ फुंकू नका, फळी किंचित पुढे कलवून ती खाली पडू द्या. हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका.

शेवटी, शिक्षकांसह आम्हां सर्वांसाठी एक नियम. यापुढे एखाद्या मुलाने किंवा मुलीने 'सर, हे झालेलं आहे' असे म्हटले, तर आधी बसून ते नीट पाहायचे. मग बोलायचे.